आधी धूर, मग चूल

मुंबईच्या थंडीचा नीचांक सांताक्रूझला नोंदवला गेला : ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२. तो आजवर मोडलेला नाही. शिवाजी पार्कच्या कट्ट्याला मात्र हे कुणी कळवलेलं दिसत नाही. डिसेंबरात सकाळी पारा अठरावर आला रे आला की मफलर, कानटोप्या, हातमोजे असा सगळा सरंजाम १९६२ च्या तयारीने बाहेर पडतो आणि गप्पा हमखास विस्तवावर येतात. एका बाकावर हायवेलगतच्या कुठल्याशा ढाब्यावरच्या ‘चुलीवरच्या’ मटणाचं वर्णन चाललेलं असतं. दुसऱ्या बाकावर कुणाच्या तरी न्यू जर्सीतल्या मुलाने नवं घर घेतलेलं असतं आणि त्या घरात शेकोटी असते. भिंतीतली, काचेची, बटण दाबलं की पेटणारी. आत लाकडाचे ओंडके दिसतात, पण ते चिनी मातीच्या जातीचे, कधीही न जळणारे. ज्वाळा गॅसची. अशा शेकोटीपुढे बसलेल्या दादरकराला दुसऱ्याच दिवशी वाटतं की यात खरं लाकूड घालता आलं तर काय बहार येईल. चुलीवरच्या मटणाचा भक्तही त्याच वेळी मनातल्या मनात आपल्या ओट्यावरची तीन बर्नरची शेगडी उचलून तिथे मातीची चूल मांडत असतो. दोघांचा प्रश्न एकच : गॅसवरून परत लाकडावर येता येईल का, आणि आलो तर जिवंत राहू का?

प्रश्न मूर्खपणाचा नाही. त्यामागचा समज तेवढा चुकीचा आहे. लोकांना वाटतं की चूल म्हणजे आग, आणि आग गॅसची काय अन् लाकडाची काय, खालचं इंधन बदललं की काम झालं. वास्तविक आग हा या व्यवहारातला सर्वांत सोपा भाग. ती काडेपेटीत मिळते. अवघड असतं ते आगीबरोबर येणाऱ्या मंडळींना सांभाळणं : धूर, राख, ठिणग्या, काजळी, ओलं जळण आणि वरच्या मजल्यावरचे शेजारी. लाकडावरून गॅसवर जाताना या सगळ्यांना घराबाहेर काढायचं असतं, म्हणून ते सोपं. परत येताना त्यांना घरात घ्यायचं असतं, आणि मधल्या काळात त्यांच्या जागी फ्रीज, मायक्रोवेव्ह आणि पाण्याचं फिल्टर येऊन बसलेलं असतं.

न्यू जर्सीच्या मुलाचं प्रकरण आधी निकालात काढू, कारण तिथे निदान उत्तर आहे. अशा शेकोट्या ढोबळमानाने तीन जातींच्या. पहिली जुन्या घरातली, विटांची, मुळात लाकडासाठीच बांधलेली. मागाहून कुणीतरी आळसापोटी तिच्यात गॅसचा बर्नर आणि खोटे ओंडके बसवलेले. ही परत लाकडावर आणता येते. परवानाधारक माणसाकडून गॅसची नळी मागे बंद करून तिला टोपण घालायचं, बर्नर काढायचा, आणि चिमणीच्या गळ्यातली झडप पूर्ण मिटू नये म्हणून गॅसवाल्यांनी तिला लावलेला चिमटाही काढायचा. मग चिमणीसफाईवाल्याला बोलावून आतून कॅमेरा फिरवायचा : अस्तर तडकलंय का, वर पक्ष्यांनी संसार थाटलाय का, पुढची दगडी पट्टी ठिणग्या झेलण्याइतकी रुंद आहे का. नगरपालिकेचा परवाना, विमा कंपनीला पत्र, खोलीत कार्बन मोनॉक्साइडची घंटा, आणि मग पहिलं लाकूड. दुसरी जात कारखान्यातून खास गॅससाठी तयार होऊन आलेली. तिच्या धुराड्याच्या नळ्या पातळ, कित्येकींचं आतलं अस्तर अ‍ॅल्युमिनियमचं. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. लाकडाच्या धुरातली तेलं थंड नळीला आतून डांबरासारखी चिकटतात, थर साचतो, आणि एखाद्या रात्री चिमणीच पेटते; तेव्हा आतलं तापमान हजार अंशांच्या घरात जातं. पुढचं गणित मुलाने स्वतः करावं, इंजिनिअर आहे. तिसऱ्या जातीला धुराडंच नसतं. तिच्यात लाकूड पेटवायचं तर आधी घर विकावं, म्हणजे निदान किंमत तरी येईल. सांगायचा मुद्दा असा की, परत येता येतं ते फक्त त्या घराला, ज्याने जाताना धुराची वाट बुजवली नव्हती.

आता शिवाजी पार्क. मैदान १९२५ साली माहीम पार्क म्हणून खुलं झालं आणि १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. भोवतालच्या देखण्या, गोल गॅलऱ्यांच्या इमारती बहुतेक त्यापुढच्या वीसेक वर्षांतल्या. त्या घरांत लाकडाची चूल धडधडत होती असं चित्र आज रंगवलं जातं. ते गावच्या घराचं चित्र आहे, चुकून दादरच्या भिंतीवर लागलेलं. इथल्या स्वयंपाकघरात राज्य होतं ते कोळशाच्या शेगडीचं, मग रॉकेलच्या स्टोव्हचं, मध्येच काटकसरीच्या काळात भुशाच्या शेगडीचं. शेगडी पेटवायची ती गॅलरीत किंवा खिडकीशी. धूर सरून निखारे फुलले की मग ती आत यायची, म्हणजे धूर करण्याचा कार्यक्रम घराबाहेर आणि उष्णतेचा आत, अशी सोयीची वाटणी होती. लाकडं, ढलप्या, नारळाच्या करवंट्या खरोखर जळायच्या त्या न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबात, आणि त्या बंबाच्या मधोमध धुरासाठी उभं नळकांडं असायचं, हे विसरू नये. साध्या आंघोळीच्या पाण्यालाही धुराची वेगळी वाट ठेवणारी ती माणसं होती. पन्नासच्या दशकात बर्मा शेलचं बर्शेन आलं आणि ओटा मोकळा झाला. १९९५ साली महानगर गॅस स्थापन झाली आणि पुढे सिलिंडरही गेला. बंबाच्या जागी गीझर आला. तेव्हा ‘परत लाकडावर जाऊ’ म्हणणाऱ्या शिवाजी पार्ककराला पहिला नम्र प्रश्न असा, की परत म्हणजे कुठे? तिथे तुम्ही होता कधी?

यावर ठेवणीतलं उत्तर येतं : आमच्याकडे चिमणी आहे. आहे खरी. ओट्यावर पोलादी, चकचकीत, हाताच्या इशाऱ्याने चालू होणारी. ती फोडणीची वाफ आणि तेलाचा चिकटा ओढण्यासाठी केलेली आहे. कित्येक घरांत तिचं दुसरं टोक बाहेर निघतच नाही; हवा कोळशाच्या चकतीतून गाळून तीच पुन्हा स्वयंपाकघरात सोडली जाते. तिच्याखाली बाभळीचं लाकूड पेटवलं तर जाळीतलं साचलेलं तेल आधी पेटेल आणि सुरुवातीलाच आपण चुलीवरची चिमणी खाऊ. खरं धुराडं पंख्यावर चालत नाही. गरम हवा हलकी म्हणून वर चढते आणि मागून थंड हवा आत ओढते. नळी जितकी उंच आणि आतबाहेरच्या तापमानातला फरक जितका मोठा, तितकी ओढ जास्त. कोकणातल्या कौलारू घरात वेगळं धुराडं दिसत नाही, कारण अख्खं घरच धुराडं असतं. उंच माळा, कौलांच्या फटी, मधली मोकळी जागा. धूर सावकाश वर जातो, जाता जाता वासे आणि रिपा वाळवतो, किडीला पळवतो आणि कौलांतून निघून जातो. त्या घराची रचना धुराने केलेली आहे, माणसं त्यात सोयीने राहतात. याउलट दादरच्या तिसऱ्या मजल्यावर धूर सरळ वर गेला तर चौथ्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांत जातो, आणि तिथून तो पोलीस ठाण्यापर्यंत जाऊ शकतो. धुराला उंची लागते हे परळ-लालबागला शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होतं. गिरण्यांनी ती गगनचुंबी धुराडी शोभेसाठी बांधली नव्हती. फिनिक्स गिरणीचं त्यातलं एक आज मॉलच्या मधोमध उभं आहे आणि त्याच्यासोबत छायाचित्रं काढली जातात. धूर गेला, वाट तेवढी राहिली. आपल्या घरात नेमकं उलटं करायचा बेत चालला आहे.

समजा, वाट काढली. मग जळण. इथे थोडा हिशेब करावा लागेल. कट्ट्यावर हिशेब आवडत नाही, पण बहुतेक सभासद बँकेतून निवृत्त असल्याने समजतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस. किलोला साधारण ४६ मेगाज्यूल उष्णता, म्हणजे एकूण साडेसहाशे. बऱ्या शेगडीवर त्यातली साठ टक्के भांड्याखाली खरी लागते. वाळलेल्या लाकडात किलोमागे पंधराच्या आसपास उष्णता असते, आणि साधी चूल त्यातली दहा-पंधरा टक्के भांड्याला देते. बाकीची भिंती, छप्पर आणि स्वयंपाक करणारीचा चेहरा यांत वाटली जाते. या हिशेबाने एका सिलिंडरचं काम करायला दोनशे किलोंहून अधिक लाकूड लागतं. एका पारंपरिक दहनाला साधारण तीनशे किलो लागतं. म्हणजे महिना-दीड महिन्याच्या वरणभातासाठी जवळजवळ त्या तोलाचा साठा वर चढवायचा, आणि समुद्राकडच्या स्मशानभूमीत ठेवायला जशी जागा आहे तशी दोन बेडरूमच्या फ्लॅटात नाही. रचलं तर गोदरेजच्या कपाटाचा निम्म्याहून जास्त भाग भरतो. लिफ्टमध्ये ‘सामान नेऊ नये’ ही पाटी आहेच. शिवाय लाकूड नीट जळायचं तर त्यातला ओलावा वीस टक्क्यांच्या आत हवा, आणि जुलैतल्या दादरच्या हवेत तर वाळलेला टॉवेलही हाताला वाळलेला लागत नाही. लाकूड तिथे हवेतली ओल परत पिऊन घेतं. गावाकडे मृगाआधी सरपणाची बेगमी करतात ती उगाच नाही. आणि आणायचं कुठून? वखारी गेल्या. मैदानाभोवतीच्या पर्जन्यवृक्षांकडे आशेने पाहू नये. झाड तोडायला १९७५ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि पडलेल्या फांदीवर पालिकेचा डोळा असतो. राहतं ते मोडकं फर्निचर. पण त्यावर पॉलिश असतं, प्लायवुडमध्ये डिंकासारखं रसायन असतं, आणि ते जाळून भाजलेल्या भाकरीला मातीचा नव्हे, वॉर्डरोबचा सुगंध येतो.

एवढं ऐकून घेतल्यावर चूलवादी आपला हुकमाचा पत्ता टाकतात : चव. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण दादरमध्ये चवीवरचा आक्षेप गंभीरपणे न घेणारा माणूस फार दिवस टिकत नाही. धुराला चव असते हे खरंच आहे. लाकडातलं लिग्निन जळताना ग्वायकॉलसारखी द्रव्यं सुटतात आणि तो खमंग वास त्यांचा असतो. पण ही द्रव्यं पदार्थाला उघड्यावर गाठ पडली तरच चिकटतात. निखाऱ्यावर फुगलेली भाकरी, विस्तवात भाजलेलं वांगं, कणीस, सुका बोंबील : इथे चुलीचा हक्क कबूल. झाकण घातलेल्या पातेल्यातल्या भाताला खाली काय जळतंय याची खबरही नसते. कुकरमधल्या डाळीला तर अजिबातच नाही. ज्या रश्शाला चुलीची चव म्हणून आपण वाहवा करतो तिच्यातला बराच वाटा मंद आचेवर घालवलेल्या दोन तासांचा असतो, आणि उरलेला चाळीस किलोमीटर गाडी चालवून लागलेल्या भुकेचा. २०१५ साली दादरच्या आस्वादच्या मिसळीला लंडनच्या फूडीहब पुरस्कारांत जगातल्या सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला, आणि तिच्या नावापुढे ‘चुलीवरची’ असं बिरूद नव्हतं. ज्याला धूर हवाच आहे त्याने एक कोळसा गॅसवर लाल करून वाटीत ठेवावा, ती वाटी भाजीच्या पातेल्यात, कोळशावर चमचाभर तूप, वर झाकण. पाच मिनिटांत सबंध गाव पातेल्यात उतरतं. खिडकी तेवढी उघडी ठेवायची. एक निखाराही बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड सोडतो आणि त्याला वास नसतो. थंडीत दार लावून शेगडीशेजारी झोपलेली माणसं सकाळी न उठल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. त्या बाबतीत विनोद करण्यासारखं काही नाही.

दुसरा आक्षेप भावनेचा : आमच्या आज्यांनी जन्मभर चुलीवर केलं, त्यांना काय झालं? बरंच काही झालं, पण त्याला कुणी धुराचं नाव दिलं नाही. खोकल्याला ‘वय झालं’ म्हटलं गेलं आणि डोळ्यांतल्या पाण्याला ‘कांदा’. हा आक्षेप घेणारा आवाज बहुतेक वेळा पुरुषाचा असतो, आणि त्याने फुंकणी हातात धरली असेल ती खेळण्यातली बंदूक म्हणून. ज्या बायकांनी ती खरी वापरली त्यांना चुलीबद्दल कविता सुचलेली ऐकिवात नाही; वैलावरच्या दुधावर नजर ठेवून खालचं ओलं लाकूड फुंकणाऱ्या बाईला वेळच कुठे असतो. या प्रश्नावर महाराष्ट्रात खरा विचार झाला तो चूल सुधारण्याच्या दिशेने. वर्ध्याच्या मगनवाडीतून धुराडं असलेली मगन चूल निघाली. पुढे पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने सुधारित चुलींवर वर्षानुवर्षं काम केलं. चूल ज्यांना खरोखर टाळता येत नव्हती, त्यांच्यासाठी विचार करणारी ही माणसं पहिला प्रश्न विचारत होती तो धूर कुठून जाईल हा. चवीचा प्रश्न ज्यांना चूल टाळता येते त्यांचा.

सध्याची गंमत अशी की मुंबई शहराला नेमकी उलट आज्ञा झालेली आहे. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात सांगितलं की लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या आणि भट्ट्यांनी सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनावर यावं, आणि नवे परवाने द्यायचे तर त्याच अटीवर. पालिकेच्या नोटिसा निघाल्या, बेकरीवाले हवालदिल झाले. त्यांची बाजू ऐकली की माझाच मुद्दा दुसऱ्या तोंडाने ऐकल्यासारखं होतं. त्यांचं म्हणणं असं की ही भट्टी म्हणजे नुसती आग नव्हे. जाड विटा एकदा तापल्या की तासन्‌तास उष्णता धरतात, पहिला घाणा कधी घालायचा, खारी कधी आणि नानकटाई कधी हे त्या उतरत्या उष्णतेवर ठरलेलं असतं. आत बर्नर खुपसला की काम झालं असं होत नाही, भट्टी नव्याने बांधावी लागते, आणि त्याला पैसे लागतात. अगदी बरोबर. इंधन बदललं की भोवतालचं सगळं बदलावं लागतं, दोन्ही दिशांनी. म्हणून वडापावातला पाव न्यायालयाच्या आदेशाने गॅसवर निघालेला असताना वड्याने लाकडावर परत यायचा हट्ट धरणं हे शहराच्या एकंदर प्रवासाशी फटकून आहे. बोर्डावर ‘वुड फायर्ड’ लिहून पिझ्झा विकणाऱ्यांनाही हाच आदेश लागू आहे, त्यामुळे यात गरीब पाव आणि श्रीमंत पाव असा भेद करायची सोय राहिलेली नाही.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. गॅस आपला नाही. देशाला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतो, आखातात कुणी शिंकलं तर इथला ओटा गारठतो. लाकूड निदान मातीतून उगवतं. मान्य. पण दादरच्या मातीतून उगवणारं काय आहे ते वर पाहिलं, आणि पर्यायच शोधायचा तर विजेची इंडक्शन शेगडी दुकानात मिळते. तिला धूरही नाही, ज्वाळाही नाही. कट्ट्यावर तिच्याविषयी कुणी हळवं होत नाही, एवढाच तिचा दोष.

तरीही कुणी हटून बसलंच, तर सुरक्षित मार्ग पुढीलप्रमाणे. फ्लॅट सर्वांत वरच्या मजल्यावरचा हवा, आणि इमारत अजून पुनर्विकासात गेलेली नसावी. नव्या टॉवरच्या स्वयंपाकघरात छताला धूर हुंगणारं यंत्र आणि पाण्याचे फवारे असतात, पहिल्याच भाकरीला आंघोळ घडेल. स्लॅबला भोक पाडून दुहेरी पोलादी नळी गच्चीच्या वर, आसपासच्या टाक्यांहून उंच न्यावी लागेल. ओट्याखाली अग्निविटा, पुढे दगडी फरशी, गॅसची नळी परवानाधारकाकडून बंद. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र, अग्निशमन दलाची परवानगी, आणि सोसायटीची सर्वसाधारण सभा. हीच ती सभा, जिच्या सभासदांनी मैदानातल्या लाल मातीच्या धुळीविरुद्ध वर्षानुवर्षं अर्ज लिहून लिहून आपलं मराठी शुद्ध करून घेतलं आहे. धुळीला न सोडणारी माणसं धुराला काय सोडणार? विषय क्रमांक सहा म्हणून अर्ज वाचला जाईल. चौथ्या मजल्यावरचे वाळत घातलेल्या कपड्यांचा, दुसऱ्या मजल्यावरचे दम्याचा आणि खजिनदार गच्चीच्या गळतीचा मुद्दा काढतील. अर्ज एकमताने फेटाळला जाईल. मग विषय क्रमांक सात, सोसायटीची वार्षिक सहल : कर्जतजवळचं एखादं फार्महाउस, माणशी वर्गणी नंतर कळवण्यात येईल, जेवण चुलीवरचं. हाही एकमताने मंजूर.